पाच तोंडांचं पाणी

आडदांड कुंभाराचा मुलगा उतावळा कुंभार, उतावळ्याचा मुलगा अबोल कुंभार, आणि अबोलाची एकुलती एक लेक ती आत्या. आडदांडाने भट्टी बांधली, उतावळ्याने ती दोनदा पाडून पुन्हा बांधली, आणि अबोलाने एक शब्द न बोलता तिला पन्नास वर्षे जाळ घातला. तिघेही सरळ माणसे होती. रविवारी उपासनेला वेळेवर जात आणि कोणाचे फुकट घेत नसत. तरीही तिघे एकच ऋण डोक्यावर घेऊन मातीआड गेले. ते ऋण पैशांचे नव्हते, पाण्याचे होते.

आडदांडाच्या तरुणपणी गावात पटकीची साथ आली आणि कुंभाराचे घर सगळ्यांत आधी आडवे झाले. गावाने त्या दाराकडे पाठ फिरवली. अपवाद एकच, रस्त्यापलीकडची सुतारीण. एका पायाने लंगडी असलेली ती बाई रोज भर दुपारी उकळून गार केलेल्या पाण्याचा हंडा घेऊन येई, काठीने चौकटीवर तीन ठोके देई, आत शिरून घरातल्या पाचही जणांच्या तोंडाला पाणी लावी आणि घरी जाऊन हात राखेने घासून धुई. असे चाळीस दिवस. पाचही जण वाचले. उभे राहण्याइतके बळ येताच आडदांडाने आपली उत्तमातली उत्तम चाळीस मडकी तिच्या अंगणात नेऊन मांडली. तिने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"मडकी नकोत," ती म्हणाली. "पाणी दिलंय, पाणीच घेईन. माझ्या घरावर वेळ आली की या."

आणि सुतारांच्या घरावर वेळच येईना! माणसे कसली, जुन्या लाकडाची खोडे. एका सुताराचे बोट करवतीखाली आले तेव्हा उतावळा पाण्याचा हंडा घेऊन धावत गेला, तर सुताराने बोटाला चिंधी बांधून ते पाणी सरसाच्या भांड्यात ओतले. दुसऱ्या सुताराला ताप आला तेव्हा अबोल हंडा घेऊन दोन तास उन्हात उभा राहिला. शेवटी सुतार बाहेर आला, "ताप उतरला" म्हणाला आणि पाणी दारातल्या झाडाला घातले. वर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, माणसे जेवायला बसली की एखादा सुतार हटकून म्हणायचा, "कुंभारांना विचारा. आमच्या पणजीनं त्यांना पाणी पाजलंय." कुंभार खाली मान घालून जेवत. जेवण गोड कसे लागावे?

आत्या गावातच राहिली, तिच्यासाठी घरजावई आणला, म्हणून ती कोणाची काकू-मामी न होता अवघ्या गावाची आत्या झाली. तिचा नवरा सत्तरीला टेकला तरी गाव त्याला जावईबापूच म्हणे. तो माती तुडवी, आत्या चाक फिरवी. घरात बोलायचे काम तिचे आणि हसायचे त्याचे, अशी वाटणी पहिल्या वर्षीच झाली होती.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीलाच दोन गोष्टी बिघडल्या. चाकावरची गोल फळी, जिच्यावर मातीचा गोळा बसतो, ती मधोमध तडकली. आणि गावाला खोकला लागला.

नर्सबाईंनी दोन घरांत क्षय शोधून काढला. तेव्हा गावच्या ख्रिस्ती देवळाचे पाळकसाहेब उपासना संपल्यावर उभे राहून म्हणाले, "ज्याला दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे, त्यानं बुधवारी देवळाच्या ओसरीत यावं. थुंकी तपासायची आहे."

"देवाच्या दारात थुंकायचं?" गिरणीवाल्याने विचारले.

"डबीत थुंकायचं," नर्सबाई म्हणाल्या. "आणि झाकण लावायचं. दारात तर तुम्ही रोजच थुंकता."

मंडळी हसली. हसला नाही तो एकटा सुतारबुवा. तो लंगड्या सुतारणीचा पणतू. हाताने सुतार आणि गळ्याने मंडळीचा गायक. त्याचा खर्ज असा, की त्याने गीत उचलले म्हणजे बाकांच्या फळ्या मांडीखाली थरथरत. पण त्या थंडीत तो अर्ध्या कडव्यावर थांबू लागला होता. तोंडावर रुमाल धरायचा आणि म्हणायचा, "भुसा. लाकडाचा भुसा जातो घशात."

मंगळवारी आत्या फळीची चौकशी करायला त्याच्या दुकानात गेली. फळी सांगून दोन महिने झाले होते. बुवा रंधा मारीत होता. आत्या दारातच थांबली. बालपणापासून तिने हा आवाज ऐकला होता: एका दमात वीस हात, मग एक श्वास, मग पुन्हा वीस. आज रंधा चार हात चालला आणि थांबला. पुन्हा तीन हात चालला आणि थांबला. बुवाचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि थंडीच्या दिवसांत तो घामाने ओला होता. मग त्याला उबळ आली. तो वाकला, कोपऱ्यात थुंकला आणि पायाने त्यावर भुसा लोटला.

"माझी फळी कुठंय?"

तो दचकला. "आलीस का! होईल. घाई काय आहे? तुझ्या पणजाची भट्टी काय पळून चाललीय?"

आत्या कोपऱ्यात गेली आणि चपलेच्या टोकाने भुसा बाजूला केला. खालचा भुसा तांबडा होता.

"तांबड्या लाकडाचा आहे तो," बुवा घाईने म्हणाला.

"बुवा, साठ वर्षं झाली, मी गेरू कालवतेय. लाकडाचं तांबडं कोणतं, मातीचं कोणतं आणि माणसाचं कोणतं, ते मला शिकवू नकोस."

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आत्याने ती स्वतःपासून कधी लपवली नाही. तो तांबडा भुसा पाहताच एक क्षण तिच्या मनात आनंद चमकला. वेळ आली! सुतारांच्या घरावर वेळ आली! पणजा, आजा, बाप, तिघे जणू तिच्या मागे टाचा उंचावून उभे राहिले. आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिने खाली वाकून तो भुसा उगाच पुन्हा झाकला.

बुवाने तो चेहरा ओळखला. "बघ, बघ कशी उजळलीस! तुला माझा जीव नको, तुला तुझा हंडा रिकामा करायचाय. मी नाही आजारी. सुतार आजारी पडत नाहीत. उद्या मी ओसरीत पाऊल ठेवणार नाही."

"सुतार आजारी पडत नाहीत, मरतात तरी का?"

"मरतात. उभ्यानं."

इतक्यात बुवाची चार वर्षांची नात आतून धावत आली आणि आजोबाच्या मांडीवर चढून बसली. गावात तिला चिमणी म्हणत. बाप दूर कामाला गेलेला, म्हणून चिमणीचे खाणे, झोपणे, रुसणे सगळे आजोबाच्या कुशीत. तिने त्याच्या दाढीतून एक सालपट काढले आणि ती लहानसे, कोरडे खोकली. एकदाच.

आत्याने फक्त चिमणीकडे पाहिले आणि मग बुवाकडे. बुवाचा हात चिमणीच्या पाठीवर होता तो तसाच राहिला. मग त्याने तिला हळूच खाली ठेवले, आपले तोंड भिंतीकडे वळवले आणि म्हणाला, "आईकडे जा, बाळ." जन्मात पहिल्यांदा त्याने तिला मांडीवरून उतरवले होते.

बुधवारी ओसरीतल्या रांगेत तो सर्वांत पहिला उभा होता.

बुवाला क्षय निघाला. चिमणीला आणि तिच्या आईला निघाला नाही. तिचा तो खोकला सर्दीचाच होता, तरी नर्सबाईंनी तिलाही खबरदारीच्या गोळ्या सुरू केल्या. बुवाने घराच्या ओसरीवर एकट्याने निजायचे, तोंडाला फडके बांधायचे, घराच्या खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या असे ठरले.

"सहा महिने गोळ्या," नर्सबाईंनी मंडळीसमोर सांगितले. "रोज. एकही दिवस चुकता कामा नये. बरं वाटायला लागलं की माणूस सोडतो, तिथंच घात होतो. म्हणून गिळताना समोर कोणीतरी पाहिजे."

पाळकसाहेब म्हणाले, "आजाऱ्यासाठी इथं बसून प्रार्थना आपण करतोच. आता त्यासाठी थोडं चालायचं आहे. तीन घरं आहेत. कोण कुठं जाणार?"

एका घरासाठी शाळेतल्या बाई उठल्या. दुसऱ्यासाठी गिरणीवाल्याच्या बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसले आणि मग स्वतःच उठली. तिसऱ्यासाठी हात शोधावा लागला नाही. पाळकसाहेबांचे वाक्य पुरे होण्याआधीपासून आत्याचा हात वरच होता.

देवळाच्या ओसरीच्या टोकाला तोंडाला फडके बांधून बसलेला बुवा ताडकन उठला. "थांबा! मी हिचं ऋण माफ केलं. आत्ता, सगळ्यांदेखत. 'आमची ऋणे सोड' म्हणून रोजच्या प्रार्थनेत आपण तेच मागतो ना? सुटलीस तू. जा घरी, मडकी कर."

"माफी मागितली कोणी?" आत्या कडाडली. "तीन पिढ्या आम्हाला जेवणावळीत चघळलंत, आणि आज द्यायला उभी राहिले तर माफ करतोस? हे देणं मी बुडवणार नाही."

"पाळकसाहेब, तुम्हीच सांगा. माफ करणं चांगलं की वाईट?"

पाळकसाहेब तरुण होते, पण मूर्ख नव्हते. "माफ करणं मोठं काम आहे, बुवा," ते म्हणाले. "पण दुसऱ्याच्या हातून घेणं त्याहून अवघड. ते तेवढं करून दाखवा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सुतारांच्या चौकटीवर तीन ठोके पडले. आत्याच्या एका हातात उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्यात पणजाची थापी. कच्चे मडके ठोकून घडवायचे ते लाकडी हत्यार तिने ठोके द्यायला मुद्दाम आणले होते.

"चौकट मोडशील," बुवा ओसरीवरून म्हणाला.

"सुताराचं घर आहे, दुसरी कर. आ कर."

त्याने गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्याला.

"जीभ वर कर. आता डावा गाल. आता उजवा."

"मी काय विकायला काढलेला बैल आहे?"

"बैलाला इतकं सांगावं लागत नाही."

तिसऱ्या दिवशी एक गोळी गालात सापडली. आत्याने त्याला जे सुनावले ते रस्त्याच्या दोन्ही टोकांना ऐकू गेले आणि गिरणीवाल्याने ते ऐकण्यासाठी गिरणी बंद केली. पाचव्या दिवशी बुवाच काठी टेकत, लांब उभा राहून, भट्टीपाशी हजर झाला. चेहरा राखेसारखा.

"आत्या, माझी वेळ भरली. लघवीतून रक्त चाललंय."

"तांबडं की नारिंगी?"

"मरणाऱ्याला रंग विचारतेस?"

"विचारतेय ना!"

"नारिंगी."

"मग गोळीचा रंग आहे तो. नर्सबाईंनी सांगितलं तेव्हा तू तोंड फिरवून बसला होतास. जा, पडून राहा."

जावईबापू मातीत उभे राहून इतके हसले, की पाय घसरून मातीतच बसले.

दिवस कामात जात होते. फळी नसल्यामुळे चाक बंद होते. आत्या जुन्या मडक्याच्या बुडावर माती थापून, थापीने ठोकून, हातानेच माठ घडवी. चाकावर जे दहा व्हायचे ते असे दोन होत. संध्याकाळी तिचा खांदा असा भरून येई, की वेणी घालायला हात वर जात नसे. ती वेणी जावईबापू घालून देत, वाकडी, आणि तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. पण ऊन डोक्यावर आले, की आत्या हातची माती धुऊन तांब्या उचली. रस्ता ओलांडायला तीसच पावले लागत. ती तीस पावले ती उपासनेला चालावे तशी ताठ चालत असे.

महिना झाला. बुवाच्या गालांवर मांस दिसू लागले. नर्सबाईंनी सांगितले, "आता ह्यांच्यापासून कोणाला धोका नाही. रविवारी येऊ द्या उपासनेला."

बुवा आला. धुतलेला सदरा घालून, चिमणीचे बोट धरून आपल्या नेहमीच्या, पहिल्या बाकावर बसला. त्या बाकावर आधी बसलेली चार माणसे एकेक करून उठली. एकाला पंखा हवा होता, एकाला दार. गिरणीवाला म्हणाला, "मला इथून फळा दिसत नाही," आणि मागे गेला. गीतांचे क्रमांक लिहिलेला तो फळा त्या बाकाच्या बरोब्बर समोर होता. भरल्या देवळात तो बाक एवढा लांब दिसू लागला, की त्याच्या एका टोकाला बसलेला बुवा लहान मुलासारखा वाटला. तो बाक त्यानेच केलेला होता. खाली मान घालून तो त्याच्या कडेवरून अंगठा फिरवीत राहिला, जणू तासायचे राहून गेलेले काहीतरी शोधत होता.

आत्या बायकांच्या बाजूने उठली. सबंध देऊळ ओलांडून आली आणि बुवाच्या शेजारी अशी बसली, की फळी करकरली. "जावईबापू!" तिने वळून हाक मारली. "इकडे. आणि गिरणीवाल्या, तूही. नर्सबाईंनी सांगितलेलं तुझ्या पिठात गेलं का? फळा दिसत नसेल तर मी वाचून दाखवते."

गिरणीवाला आला. त्याच्यामागून बाकीचे आले. पाळकसाहेबांनी त्या दिवशी लांब प्रवचन केले नाही. ते म्हणाले, "प्रवचन झालेलं आहे," आणि गीत सांगितले. बुवाने ते हळू आवाजात उचलले. फळी थरथरली नाही, पण आत्याला मांडीखाली किंचित काहीतरी जाणवले.

असे करता करता चाळिसावा दिवस उजाडला.

बुवा दारातच उभा होता. त्याने गोळ्या गिळल्या, न सांगता जीभ वर केली, दोन्ही गाल दाखवले आणि तांब्या परत देताना छाती भरून म्हणाला, "चाळीस. फिटलं."

तीन पिढ्या ज्या शब्दासाठी तिष्ठत गेल्या तो शब्द! आत्याला वाटले होते, तो ऐकला की आपण काहीतरी खमंग बोलू. ती नुसता तांब्या घेऊन वळली. घरी येऊन तिने भिंतीवरच्या खुंट्यांवर टांगलेल्या थाप्यांना, एकीला पणजाची, एकीला आजाची, एकीला बापाची म्हणून, हात लावला. "बाबा, फिटलं," ती म्हणाली. अबोल बाप जिवंत असता तरी यावर काही बोलला नसता.

दुसऱ्या दिवशी सवयीने पावले दुपारी रस्त्यापलीकडे गेली. दार बंद होते.

"कोण आहे?" आतून खर्ज आला.

"कोण असणार? गोळ्या घे."

"कर्ज फिटल्यावर दारात कोण उभं राहतं? जा घरी. मी बरा झालोय. घाम नाही, ताप नाही, जेवण दुप्पट जातंय. त्या गोळ्यांनी तोंड कडू होतं. पुरे झालं."

"बुवा, सहा महिने सांगितलेत."

"हिशेब चाळीस दिवसांचा. पणजीनं तेवढेच दिवस पाजलं. त्यापुढे एक घोट जरी तुझ्या हातचा घेतला तर मी तुझा देणेकरी. सुतार देणेकरी होत नाहीत."

बाजूच्या खिडकीतून सुनेने गोळ्यांचे पाकीट दाखवले आणि डोळे पुसले. आजची ओळ तशीच होती.

आत्याने दाराशी तोंड नेले. "भट्टी अर्ध्यात उघडली तर काय होतं माहीत आहे? मडकं वरून लाल दिसतं. पाणी घातलं की चिखल. आणि तो चिखल पुन्हा भाजत नाही. नर्सबाई हेच सांगतात. आजार परत उलटला तर या गोळ्यांना जुमानणार नाही. आणि तेव्हा चिमणी तुझ्या मांडीवर असेल."

"मी मडकं नाही," आतून आवाज आला. पण तो आवाज जरा खालच्या पट्टीत होता.

आत्या परत आली आणि भट्टी रचायला बसली. अंगात राग होता, म्हणून मडकी भराभर रचली जात होती. पालथी, तोंडावर तोंड, एकावर एक पाच. दुसरी चळत, पाच. तिचे हात चालत होते आणि मन त्या बंद दाराशी होते. एक शब्द तिने मिळवला होता. तो शब्द आता माणसाचा जीव घेऊ पाहत होता. तो परत करायचा म्हणजे पणजाला, आजाला, बापाला पुन्हा त्या जेवणावळीत खाली मान घालून बसवायचे. तिसरी चळत रचताना तिचा हात थांबला. तिने वरपासून खालपर्यंत बोट लावून मोजले. पाच तोंडे.

"जावईबापू," ती म्हणाली, "पणजाच्या घरात तेव्हा किती माणसं होती?"

"पाच. तूच तर सांगतेस दर वर्षी."

"हात धुवा. आणि पाळकसाहेबांना बोलवा. साक्षीला माणूस हवा."

त्या दुपारचे ठोके तीन नव्हते. चौकटीवर थापी अशी पडू लागली, की पाळकसाहेब, शाळेतल्या बाई, पिठाने माखलेला गिरणीवाला आणि निम्मा रस्ता गोळा झाला. बुवाने दार उघडले.

"फिटलं नाही," आत्या सगळ्यांदेखत म्हणाली. हे दोन शब्द उच्चारताना तिची मान ताठ होती. "माझा पणजा. पणजी. पणजाची आई. माझा आजा आणि त्याची बहीण. पाच तोंडांना तुझ्या पणजीनं चाळीस दिवस पाणी पाजलं. चाळीस पंचे दोनशे. तू एकटं तोंड. चाळीस आलेत, एकशेसाठ बाकी आहेत. आ कर."

बुवाने तोंड उघडले, पण बोलायला. "असं कुठं असतं? चाळीस दिवस म्हणजे चाळीस दिवस!"

"मग म्हण. सगळ्यांसमोर म्हण, की तुझ्या पणजीनं एकालाच पाणी पाजलं आणि चार जणांना तहानेलं ठेवलं. म्हण, मी जाते."

बुवा त्या पाण्यासारखा उकळून गार झाला. पणजीचे पाणी कमी कसे म्हणायचे? ज्याच्यावर सुतारांच्या चार पिढ्यांनी जेवणावळी गाजवल्या, ते पाणी आज अचानक पाचपट झाले होते. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग, मग शंका, आणि मग हळूहळू एक विलक्षण गर्व पसरत गेला.

"दोनशे," तो पुटपुटला. "दोनशे होतात खरे."

"हिशेब चोख आहे, बुवा," गिरणीवाला म्हणाला.

"तू गप्प बस, पीठ उडतंय." बुवा चौकटीत बसला. "आण. पण ऐका सगळ्यांनी, कुंभार दोनशेचे देणेकरी आहेत. चाळीसचे नव्हेत."

"आहोत," आत्या म्हणाली. "जीभ वर कर."

त्यानंतरचे महिने बुवाने ही पाचपट गोष्ट गावभर सांगितली. मापे घ्यायला गेला तिथे सांगितली, दार बसवायला गेला तिथे सांगितली. लोक आत्याला चिडवत, "आत्या, व्याज लागलं का?" ती म्हणे, "लागू दे." आणि दुपारी तीस पावले चालत राही. ऊन तापले, मग पाऊस पडला आणि चिखलात तिने चप्पल हातात घेऊन ती पावले टाकली. एकदा तिचा पाय मुरगळला. तेव्हा जावईबापूंनी तिला मातीच्या हातगाडीत बसवून रस्ता ओलांडला, आणि ती हातगाडीत तांब्या धरून सरदारासारखी बसली होती.

गोळ्यांची शेवटची ओळ रिकामी झाली त्या दिवशी बुवाचा रंधा एका दमात वीस हात चालला. नर्सबाईंनी पुन्हा थुंकी तपासली आणि डबी हलवीत म्हणाल्या, "स्वच्छ." चिमणी आजोबाच्या मांडीवर चढली आणि उतरायला तयार होईना.

"एकशे ऐंशी झाले," बुवा आत्याला म्हणाला. "औषध संपलं. उरलेले वीस राहू दे आता."

"राहू कसे दे? मी काय अर्धवट भट्टी उघडणारी आहे?"

तेव्हा वीस दिवस नुसते पाणी गेले. बुवा ऊन डोक्यावर आले की हातचे काम ठेवून चौकटीत येऊन बसू लागला. पाच दिवस उरले असताना त्याने गोल फळी आणून आत्याच्या चाकावर स्वतः बसवली. चाक फिरले तेव्हा फळी इतकी समतोल होती, की जावईबापूंनी तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवला आणि तो मधोमध जागच्या जागी फिरत राहिला.

दोनशेवा दिवस रविवारी आला. उपासना संपली. बुवाने शेवटचे गीत असे उचलले होते, की बाकांच्या फळ्या थरथरल्या आणि एका म्हाताऱ्याची डुलकी मोडली. मंडळी ओसरीत आली, पण घरी कोणी जाईना. आत्या पुढे आली. नव्या फळीवरचे पहिले भांडे, एक मातीचा पेला, तिच्या हातात होता. ओसरीच्या खांबावर तिने पणजाच्या थापीने तीन ठोके दिले.

बुवाने पेला दोन्ही हातांनी घेतला. घोट घोट करीत, घाई न करता, डोळे मिटून तो पाणी प्याला.

"फिटलं," तो भरल्या खर्जात म्हणाला. "पाचही तोंडांचं. आजपासून सुतार कोणाच्या जेवणावळीत काही बोलणार नाहीत."

"मग तुम्ही दोघं भांडणार कशावरून?" जावईबापूंनी काळजीने विचारले.

आत्याचे लक्ष तिकडे नव्हते. तिने पेला बुवाच्या हातातून घेतला, उजेडाकडे धरला आणि आत निरखून पाहिले.

"थेंब आहे."

"असू दे ग एक थेंब!"

"आ कर."

सबंध मंडळीदेखत सुतारबुवाने मान मागे टाकून आ केला. आत्याने पेला पालथा धरला. थेंब काठाशी आला, लोंबला, थांबला. चिमणीने श्वास रोखून धरला. थेंब पडला.

"आता फिटलं," आत्या म्हणाली.